शिशाचे शिपाई आणि हाडामांसाची माणसे

दिवाळीची सुटी लागली की आपल्याकडे अंगणाअंगणांतून मातीचे किल्ले उभे राहतात. अळीव पेरून उगवलेली हिरवळ, आरशाच्या तुकड्याचे तळे, बुरुजांवर मातीचे मावळे आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपती. त्यानंतर काही आठवड्यांनी आपल्या घरांत नाताळचा गोठा मांडला जातो. तेथेही वाळलेले गवत, कागद चुरगाळून केलेले डोंगर, मेंढपाळ, मेंढरे आणि उंटांसह दुरून येणारे तीन ज्ञानी पुरुष. लहानशा आकृती मांडून एखादी मोठी घटना नजरेच्या टप्प्यात आणावी, ही माणसाची फार जुनी हौस आहे. आणि ती केवळ मुलांचीच नव्हे.

युरोप-अमेरिकेतील कित्येक प्रौढ मंडळी ही हौस एका विशेष रीतीने भागवतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जमिनीवर झालेल्या लढाया ती मेजावर पुन्हा लढतात. नेपोलियनच्या काळातील पलटणी हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय. पंधरा किंवा अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे धातूचे वा प्लॅस्टिकचे शिपाई विकत आणायचे. कोणत्या पलटणीच्या कॉलरचा आणि बाहीच्या पट्टीचा रंग कोणता होता हे ग्रंथांतून शोधायचे. आणि बारीक कुंचल्याने एकेक शिपाई रंगवायचा. यात महिनेच्या महिने जातात. मग मेजावर हिरवे कापड अंथरून, त्याखाली पुस्तके सरकवून टेकड्या करायच्या, निळ्या पट्ट्यांच्या नद्या सोडायच्या आणि दोन्ही सैन्ये समोरासमोर मांडायची. पलटणी इंचपट्टीने मोजून पुढे सरकतात. गोळीबाराचा परिणाम फासे टाकून ठरतो. जितके 'पडले' तितके शिपाई मेजावरून उचलले जातात.

हा खेळ प्रथम ऐकला तेव्हा आम्हांला तो निरुपद्रवी वाटला. पुढे एकदा आम्ही तो स्वतः खेळलो, आणि त्यानंतर मात्र एका प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला. ज्या लढाईत खरी माणसे खरोखर मेली, ती लढाई मनोरंजनासाठी पुन्हा लढावी काय? प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. तो वाचकांसमोर मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच सांगितले पाहिजे की या खेळाचा एक पूर्वज पोरखेळ नव्हता. प्रशियातील गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ या गृहस्थाने १८१२ साली आपल्या राजाला एक मेज सादर केले. त्यावर भूप्रदेशाचे तुकडे हवे तसे जुळवता येत आणि त्यांवर सैन्याचे ठोकळे हलवता येत. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली या खेळाचे नियम नव्याने बांधून प्रसिद्ध केले. मेजाऐवजी नकाशा आला, दोन्ही पक्षांमध्ये पंच आला, फासे आले. किती अंतरावरून किती गोळ्या लागतात याचे कोष्टक शार्नहोर्स्ट या सेनानीने केलेल्या प्रत्यक्ष चाचण्यांवरून तयार झाले होते. प्रशियाच्या सेनामुख्यालयाच्या प्रमुखाने, म्युफ्लिंगने, हा खेळ पाहिला आणि हा खेळ नसून युद्धाची शाळा आहे असा अभिप्राय देऊन सैन्याला त्याची शिफारस केली. म्हणजे एका बाजूने मुलांचे खेळणे आणि दुसऱ्या बाजूने सेनापतींची शाळा, अशा दोन घरांत या खेळाचे बालपण गेले. आपला प्रश्न या दोन घरांमधल्या भिंतीवरच उभा आहे.

त्या भिंतीची पडझड किती सहज होते हे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या उदाहरणावरून दिसते. १९१३ साली त्यांनी 'लिटल वॉर्स' या नावाचे एक लहानसे पुस्तक लिहिले. दिवाणखान्याच्या जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून, स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफांनी त्यांना कसे पाडावे याचे नियम त्यात आहेत. वेल्स शांततेचे पुरस्कर्ते होते. खऱ्या युद्धाची ज्यांना खुमखुमी आहे त्यांनी ती अशा लुटुपुटुच्या युद्धात जिरवावी, असा पुस्तकाच्या शेवटाचा आशय आहे. पुस्तक निघाले आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध टळत नाही, एवढे तरी त्यावरून मान्य करावे लागते.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांनी या छंदाला घरोघरी नेले त्यांत डोनाल्ड फेदरस्टोन यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचे 'वॉर गेम्स' हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले. हे गृहस्थ महायुद्धात रणगाडा दलात लढले होते आणि व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट होते. दिवसा जायबंदी झालेले हातपाय पुन्हा चालते करायचे आणि रात्री शिशाच्या पलटणी मेजावर मांडायच्या, असे त्यांचे आयुष्य. युद्ध काय असते हे त्यांना आपण सांगायला नको होते. म्हणून ज्यांना युद्धाचा चटका लागलेला नाही तेच असले खेळ खेळतात, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही.

आता आमच्या त्या संध्याकाळीकडे येतो. आमचा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. तेथे त्याला हा छंद जडला. नाताळच्या सुटीत घरी येताना त्याने शिपायांची एक पेटी बरोबर आणली, आणि आम्हांला खूष करण्यासाठी लढाईही आपल्याच मातीतली निवडली. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेल्स्लीच्या फौजेची गाठ पडली. हाच वेल्स्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. आयुष्यातली सर्वांत उत्तम कामगिरी कोणती असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे तर असईचे नाव घेतले, असे सांगतात. त्यामुळे इंग्लंडमधल्या मेजांवर वॉटर्लूबरोबर आपली असईही लढली जाते.

भाच्याने आम्हांला पक्ष निवडू दिला. आम्ही अर्थातच शिंद्यांची बाजू घेतली. शाळेत असल्यापासून ती हार मनात कुठेतरी टोचत होती. असईची कथा थोडक्यात अशी. शिंद्यांजवळ युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेले सुमारे १०,८०० पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि मोठे घोडदळ होते. कवायती पलटणींचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. वेल्स्लीजवळ म्हैसूर व पेशव्यांकडील घोडदळ सोडले तर सुमारे साडेचार हजार माणसे होती. मध्ये केळणा नदी. वाटाड्यांनी सांगितले की नदीला उतार नाही. परंतु पुढे नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे वेल्स्लीला दिसली. दोन गावे अशी वसली असतील तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला. तर्क बरोबर निघाला. फौज नदी उतरली, बगलेवर आली आणि संध्याकाळपर्यंत लढाईचा निकाल लागला.

हे सर्व आम्हांला ठाऊक होते. म्हणून डाव सुरू होताच आम्ही दोन पलटणी आणि तोफांची एक रांग त्या उताराच्या तोंडावर आणून उभी केली. पोलमनला जे माहीत असण्याची शक्यता नव्हती ते वापरून आम्ही खेळत होतो. उद्याचे वर्तमानपत्र आज वाचून पैज लावावी तसे. भाच्याच्या पलटणी पाण्यात अडकल्या. फासेही आमच्या बाजूने पडले. लाल डगल्यातले शिपाई एकामागून एक उचलले गेले. रात्री साडेनवाच्या सुमारास इंग्रजांची फळी मोडली आणि आम्ही असईची लढाई जिंकली. या वयात कबूल करायला संकोच वाटतो, पण आम्ही टाळी वाजवली.

त्याच खोलीत आमची मावशी बसली होती. तिने नव्वदी ओलांडली आहे. वर्षभर जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेल्या गोठ्याच्या मूर्ती ती एकेक करून उलगडत होती. टाळी ऐकून तिने मान वर केली, मेजाच्या कडेला पडलेल्या शिपायांच्या ढिगाकडे पाहिले आणि विचारले, "हे मेलेले तुम्ही ठेवता कुठं रे?"

भाचा हसून म्हणाला, "पेटीत, आजी. उद्या पुन्हा लागतील ना."

"बरं आहे बाबा त्यांचं," मावशी म्हणाली, आणि पुढची मूर्ती उलगडू लागली.

मावशीचे थोरले बंधू दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोटीवर नोकरीला गेले, ते परतले नाहीत. आमच्या कुटुंबाच्या कबरीवरील दगडावर त्यांचे नाव आहे. त्याखाली त्यांचा देह नाही. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने एक साधी वस्तुस्थिती सांगितली होती. परंतु त्या वाक्यानंतर आमच्या विजयाची चव गेली ती गेलीच.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या आम्ही स्वतःची समजूत घालण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पहिला युक्तिवाद बुद्धिबळाचा. बुद्धिबळातही राजा, वजीर, हत्ती, घोडे आणि प्यादी आहेत. प्यादे मारले म्हणून कोणी सुतक पाळत नाही. मग शिशाच्या शिपायाने काय घोडे मारले? पण विचार करता दोहोंतला फरक ध्यानात आला. बुद्धिबळातल्या प्याद्याला तारीख नाही, गाव नाही, पलटण नाही. ते कोणाच्याही जागी उभे नाही. याउलट हा छंद आपला सारा अभिमान खरेपणावर उभारतो. बाहीची पट्टी कोणत्या रंगाची, झेंड्यावर काय चिन्ह, त्या दिवशी शेतात कोणते पीक उभे होते, येथपर्यंत तो खरा असू पाहतो. खेळ जितका खरा, तितके त्या खऱ्या माणसांचे देणे वाढते. डगल्याचा रंग अचूक हवा आणि डगल्यातला माणूस मात्र विसरला तरी चालेल, असे म्हणता येत नाही.

दुसरा युक्तिवाद काळाचा. या गोष्टीला दोनशे वर्षे लोटली, आता कोणाचे अश्रू शिल्लक आहेत? हा युक्तिवाद अधिक सबळ आहे. काल-परवाच्या दंगलीचा किंवा गेल्या वर्षीच्या युद्धाचा मेजावर खेळ मांडायला कोणीही सभ्य मनुष्य धजावणार नाही. म्हणजे कुठेतरी सीमारेषा आहे. पण ती किती वर्षांनी येते? पन्नास? शंभर? मावशीच्या घरात ती ऐंशी वर्षांनीही आलेली नव्हती. आम्हांला वाटते, ही रेषा कॅलेंडरवर काढता येत नाही. मेलेल्यासाठी रडणारे कोणी उरले नाही म्हणून त्याचे मरण हलके होत नसते. उलट ज्याच्यासाठी रडणारे कोणी नाही त्याची आठवण ठेवण्याचे काम मग परक्यांवर, म्हणजे आपल्यावर येते. मृतांना मूठमाती देणे हे आपण दयेचे कृत्य मानतो, त्यामागे हाच विचार आहे. मृत मनुष्य आभार मानू शकत नाही, परतफेड करू शकत नाही, तक्रारही करू शकत नाही.

आणि येथे मावशीच्या प्रश्नाला इतिहासाने दिलेले उत्तर पाहावे. मेलेल्यांना ठेवता कुठे? वॉटर्लूच्या रणांगणावर एका दिवसात तिन्ही सैन्यांचे मिळून चाळीस हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. मृतांच्या जबड्यांतील चांगले दात उपटून नेण्यात आले. त्यांच्या कवळ्या बनत, आणि इंग्लंडात 'वॉटर्लूचे दात' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. युरोपातील रणांगणांवरची हाडे जहाजांनी इंग्लंडात येतात आणि दळून शेतांत खत म्हणून पसरली जातात, असे १८२२ साली तेथील वृत्तपत्रांत छापून आले. शेवटी ज्या रणांगणावर हजारो लोक गाडले गेले तेथे आज सांगाडे जवळजवळ सापडत नाहीत. हे कोडे अलीकडे इतिहाससंशोधकांनी हाताळले. जुने कागदपत्र तपासून त्यांनी असे मांडले की पुष्कळशी हाडे १८३० नंतरच्या काळात उकरून काढली गेली आणि साखर शुद्ध करण्यासाठी लागणारा कोळसा बनवण्याकरिता विकली गेली. २०२२ साली मों-सें-जां येथे, जेथे वेलिंग्टनच्या फौजेचे जखमी आणले जात, तेथे उत्खननात एक संपूर्ण सांगाडा मिळाला तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. हजारोंतला एक! शिशाच्या शिपायाला निदान पेटी आहे, मखमलीचा कप्पा आहे. मावशीचे "बरं आहे बाबा त्यांचं" हे शब्द अक्षरशः खरे होते.

हे वाचल्यावर आमचा राग खेळावरून थोडा उतरला. मृतांची अवहेलना करायला जगाला खेळाची गरज लागली नव्हती. ज्यांनी हाडे विकली ते काही मेजावर फासे टाकत बसले नव्हते. ते व्यवहारी लोक होते. तेव्हा दोष शोधायचा तर तो खेळाच्याही मागे जाऊन शोधला पाहिजे. आमच्या मते तो नजरेत आहे.

ही नजर कोणती हे सांगण्यासाठी आणखी एक उदाहरण घेतो. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० साली वॉटर्लूच्या शेतमळ्यांत महिनोन्‌महिने राहून तेथील भूमीची मोजणी केली आणि त्या लढाईची एक प्रचंड प्रतिकृती तयार केली. ती १८३८ साली लंडनमध्ये लोकांना दाखवण्यात आली. आज ती तेथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तिच्यात सत्तर हजारांहून अधिक इवलेसे शिपाई आहेत. लढाईतला संध्याकाळी सातच्या सुमाराचा क्षण त्यात पकडला आहे. त्या क्षणी कोण कुठे होते हे कळावे म्हणून सायबोर्नने हयात असलेल्या शेकडो अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. तुमच्या पलटणीसमोर कोणते पीक होते, असेही विचारले. इतका तो काटेकोर होता. पण पत्रे गेली ती अधिकाऱ्यांना. साध्या शिपायाला त्या संध्याकाळी काय दिसले हे त्याने विचारले नाही. पुढे प्रशियाच्या सैन्याला फार मोठे स्थान दिले म्हणून वेलिंग्टनच्या गोटातून नाराजी आली, तेव्हा त्या सैन्याच्या अनेक आकृत्या त्याला काढून टाकाव्या लागल्या. देशाभिमानापुढे शिशाच्या शिपायाचाही टिकाव लागला नाही. असईच्या मेजावर आम्ही जी टाळी वाजवली तीही त्याच जातीची होती. माणसे वाचली म्हणून ती वाजली नव्हती, आपली बाजू वरचढ ठरली म्हणून वाजली होती.

मेजाभोवती उभा राहणारा मनुष्य नेहमी वरून पाहतो. त्याला दोन्ही सैन्ये दिसतात, टेकडीपलीकडचेही दिसते. धूर दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. तो नेहमी सेनापती असतो. तिसऱ्या रांगेतला पाचवा शिपाई कधीच नसतो. शिवाय तेथे एक शिपाई एका माणसाबद्दल उभा नसतो. आमच्या डावात एक शिपाई पन्नास माणसांबद्दल होता. इतर डावांत वीस किंवा तेहतीस असे प्रमाण धरतात. एक आकृती उचलली की पन्नास घरे उठली, पण हाताला वजन लागते ते काही ग्रॅम शिशाचे. हीच नजर सेनामुख्यालयात असते. हीच नजर, युद्ध नसतानाही, कधी कारखान्याच्या मालकाकडे, कधी सरकारी टेबलामागच्या माणसाकडे आणि, प्रामाणिकपणे बोलायचे तर, कधी कुटुंबप्रमुखाकडेही येते. इतकी कुटुंबे हलवायची, इतके कामगार कमी करायचे, इतके टक्के नुकसान सोसायचे. हिशेब करावाच लागतो. त्यावाचून जग चालत नाही. पण हिशेब करताना एका आकड्यात किती चेहरे आहेत याचे भान सुटले की माणूस मेजावरचा ठोकळा होतो.

गोठ्याकडे पाहून आम्हांला ही गोष्ट विशेष उमगली. गोठ्यातला एकही मेंढपाळ आपण 'पन्नास मेंढपाळांबद्दल एक' म्हणून मांडत नाही. तेथे एक म्हणजे एक. त्याचा कान तुटला तर मावशी तो पिठाच्या खळीने चिकटवते.

मग हा खेळ टाकून द्यावा काय? येथे संत थॉमस अक्वायनस यांचा आधार घ्यावासा वाटतो. आपल्या महाग्रंथात त्यांनी खेळाचा स्वतंत्र विचार केला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. संत योहानाची एक जुनी कथा ते तेथे सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काहींना ते खटकले. तेव्हा योहानाने त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले आणि मग विचारले, हे असेच अखंड करता येईल काय? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहान म्हणाला. खेळ ही मनाची विश्रांती आहे आणि योग्य खेळ हा सद्गुणाचाच भाग आहे, असे अक्वायनस म्हणतात. मात्र ते तीन अटी घालतात. खेळातला आनंद अश्लील वा अपायकारक गोष्टींत शोधलेला नसावा. खेळाच्या भरात मनाचा तोल पूर्णपणे जाऊ नये. आणि खेळ हा काळ, स्थळ व व्यक्ती यांना साजेसा असावा.

या तीन कसोट्यांवर आम्ही आमची असई घासून पाहिली. पहिल्या कसोटीवर ती उतरते, असे आम्हांला वाटते. मेजाभोवती बसलेल्या कोणालाही मरण पाहण्याची गोडी नव्हती. गोडी होती ती नदीचा उतार, तोफांचा पल्ला, निर्णयाची वेळ यांची. शिवाय या खेळात एक खरे ज्ञान आहे. पुस्तकात वाचलेला इतिहास अटळ भासतो. जे झाले ते होणारच होते असे वाटते. मेजावर तोच इतिहास डळमळू लागतो. एक पलटण इकडे उभी राहिली असती तर, एक फासा वेगळा पडला असता तर! वॉटर्लूचा निकाल किती थोडक्यात लागला हे वेलिंग्टनने स्वतः दुसऱ्याच दिवशी बोलून दाखवले होते. घडलेल्या गोष्टी माणसांच्या निर्णयांतून घडल्या, म्हणून त्यांची जबाबदारीही माणसांची आहे, ही जाणीव या खेळातून येऊ शकते. ती लहानसहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या कसोटीवर आम्ही घसरलो. टाळी वाजवताना आमचा तोल गेला होता. तिसऱ्या कसोटीबद्दल एवढेच म्हणू की ज्या खोलीत मावशी बसली आहे त्या खोलीत तो खेळ त्या रीतीने साजेसा नव्हता. खोली बदलणे हा एक उपाय झाला. आम्ही रीत बदलायचे ठरवले.

खेळाच्या नियमांत बसत नाही असे असईत काय घडले होते, हे आम्ही दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर वाचून काढले. शिंद्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांजवळून हलले नाहीत. इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे निघून गेली तेव्हा त्यांतले काही मेल्याचे सोंग करून पडून राहिले, आणि मग उठून त्यांनी त्याच तोफा मागून इंग्रजांवर डागल्या. मेजावर उचललेला शिपाई परत येत नाही. असईला तो आला होता. स्कॉटलंडहून आलेल्या ७४ व्या पलटणीची निम्म्याहून अधिक माणसे गावाजवळच्या तोफांपुढे कापली गेली. वेल्स्लीच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. त्यांत मद्रासकडचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते. म्हणजे त्या लाल डगल्यांतली कित्येक माणसे या भूमीचीच होती, आणि आम्ही ती 'इंग्रज' म्हणून पाडली होती. शिंद्यांचे सुमारे १,२०० लोक मैदानात मरून पडल्याचे वेल्स्लीने लिहिले. त्यांचे जखमी मुलुखभर पांगलेले होते. त्यांची मोजदाद कोणी केली नाही. वेल्स्लीचे जखमी अजिंठ्यास नेण्यात आले. लेणी पाहण्यासाठी आपण जेथे सहल काढतो, त्याच परिसरात ती माणसे विव्हळत पडली होती. खेळ शेवटच्या फाशाबरोबर संपतो. असईची लढाई अजिंठ्याला कित्येक आठवडे चालू होती.

भाचा परत जाण्यापूर्वी आम्ही आणखी एकदा खेळलो. या वेळी त्याने शिंद्यांची बाजू घेतली आणि आम्ही वेल्स्लीची. डाव संपल्यावर, शिपाई पेटीत भरण्याआधी, पडलेले सर्व शिपाई आम्ही मेजावर एका ओळीत मांडले. दोन्ही बाजूंचे, एकत्र. त्यांची पलटणवार वहीत नोंद केली आणि प्रत्येक आकड्याला पन्नासाने गुणले. एकंदर १०९ आकृत्या होत्या. बेरीज ५,४५० आली. भाचा काही वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, आपल्या गावात एवढी माणसं असतील नाही?"

गावची लोकसंख्या आम्हांला नेमकी ठाऊक नव्हती. पण रविवारच्या उपासनेला भरलेले देऊळ डोळ्यांसमोर आले, आणि तसे कितीतरी वेळा भरलेले देऊळ. कोण जिंकले याची नोंद करायची त्या दिवशी राहूनच गेली.

मावशी जवळच बसली होती. गोठा एव्हाना मांडून झाला होता. तिने हात पुढे केला आणि ओळीतला एक शिपाई उचलला. लाल डगल्याचा की निळ्या, हे तिला त्या उजेडात दिसले नसावे. तिने तो पदराने पुसला, जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळला आणि भाच्याच्या हाती दिला. मग दुसरा उचलला. पेटी भरायला त्या रात्री आम्हांला बराच वेळ लागला.